शेंदराचं विरजण

"मॅडम, हे औषध तुम्ही कधी स्वतःला टोचून घेतलंय का?"

प्रश्न विचारून झाल्यावर स्वरांगी गुरवला कळलं, की आपला आवाज जरा जास्तच मोठा लागला. धमनी संशोधन केंद्राच्या सभागृहाचं छत घुमटासारखं होतं. प्रश्न वर जाऊन आपटला आणि तिथून सगळ्यांच्या डोक्यावर पुन्हा पडला. दहावी 'ब'ची अठ्ठेचाळीस डोकी मागं वळली. सौंदत्ती सरांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. शेजारी तस्नीमनं हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडात कोंबला होता, आणि तिच्या पलीकडची पूर्वजा भिंतीवरचं हृदयाचं चित्र असं बघत होती, जणू या दोघींना ती ओळखतच नाही.

पैज बसमध्ये लागली होती. "ही शास्त्रज्ञ मंडळी उंदरांना टोचतात, माणसांना टोचतात. स्वतःला टोचतात का?" असं पूर्वजा म्हणाली, आणि तस्नीम लगेच म्हणाली, "स्वरू, तू विचारून दाखव. नाहीतर राहू दे बाई, गेल्या वर्षी फळ्यापाशी उभी राहिलीस तरी पाय लटपटायचे तुझे." गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी! यंदा वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून स्वरांगीला 'विचारून दाखव' म्हणायचा अवकाश, की ती उभी राहिलीच.

पण पैज हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं तिनं मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. हेच औषध तीन महिन्यांपूर्वी तिच्या आण्णांच्या शिरेत गेलं होतं आणि येत्या गुरुवारी पुन्हा जायचं होतं, आधीपेक्षा जास्त.

"गुरव, खाली बस," सर म्हणाले.

"नाही, नाही, उभी राहू दे," डॉ. वैशाली मगदूम म्हणाल्या. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, केस पांढरे आणि बारीक कापलेले. केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. "अकरा वर्षं शाळांच्या सहली येतायत इथं. हा प्रश्न आज पहिल्यांदा आला. हो, घेतलं होतं. एकदाच. आणि मरता मरता वाचले."

तस्नीमनं रुमाल बाहेर काढला.

"आधी हे औषध काय करतं ते सांगते, मग मी कशी मरत होते ते," बाई म्हणाल्या. "खेकडा पाहिलाय ना? दोन नांग्यांमध्ये एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. काही रेणू तसेच असतात. रक्तात फिरतात, धातूचा अणू दिसला की नांगीत धरतात आणि लघवीवाटे त्याला घेऊन बाहेर पडतात. आमच्या रेणूचं नाव धातुवेचक, आणि उपचाराला आम्ही वेचणी म्हणतो. शेंगा वेचतात तशी. आता, जुन्या काळी लोकांना वाटायचं, की हृदयाच्या धमन्यांत चुना साठतो आणि हा खेकडा तो खरवडून काढतो. नळातला चुना काढावा तसा. तसं काही होत नाही. चुना तिथंच राहतो."

"मग फायदा कसला?" पूर्वजानं विचारलं. आता तिलाही धीर आला होता.

"धमनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. शिसं, म्हणजे तो जड धातू, त्या अस्तराला ओरखडे काढतो. वर्षानुवर्षं. ओरखडा पडला की तिथं चरबी अडकते, सूज येते, वाट अरुंद होते. ज्याला मधुमेह आहे, एकदा झटका येऊन गेलाय आणि ज्याच्या अंगात शिसं आहे, त्याच्यासाठी वेचणी. बाकी कुणासाठी नाही." त्यांनी बोट वर केलं. "आणि शिसं राहतं कुठं? रक्तात थोडंच. बाकी सगळं हाडात. संगीत खुर्ची खेळलायत?"

"हो!"

"हाडात कॅल्शियमच्या खुर्च्या असतात, अब्जावधी. शिशाचा अणू दिसायला कॅल्शियमसारखाच, तो गुपचूप त्याच्या खुर्चीत बसतो आणि तीस-तीस वर्षं उठत नाही. आमचा वेचक त्याला उठवतो. खुर्ची रिकामी होते. मग आसपास कॅल्शियम असलं तर कॅल्शियम बसतं."

"आणि आसपास शिसंच असलं तर?" स्वरांगीनं विचारलं.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तर शिसं बसतं. पहिल्यापेक्षा भराभर, कारण खुर्च्या रिकाम्या आहेत. म्हणून आमचा पहिला नियम असा, की शिसं येण्याची वाट आधी बंद, मग वेचणी. दुसरा नियम माझ्यामुळं झाला. माझ्या वडिलांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. मी धरून चालले, की माझ्या हाडात शिसं असणार. मोजलं नाही. घेतलं टोचून. शिसं निघालं जेमतेम, वेचकाच्या नांग्या रिकाम्या राहिल्या. रिकामी नांगी काय करते? समोर येईल ते धरते. तिनं माझं रक्तातलं कॅल्शियम धरलं. बोटं अशी वाकडी झाली, चोच मिटल्यासारखी. हृदयाचे ठोके चुकायला लागले. या बोरगावे सरांनी कॅल्शियम टोचलं म्हणून आज तुमच्यासमोर बडबडतेय."

कोपऱ्यातल्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या उंच, वाकलेल्या बोरगावे सरांनी वर न पाहता हात हलवला.

"तेव्हापासून आधी मोजायचं, मग वेचायचं," बाई म्हणाल्या. "आणि मोजायला तुमची मदत हवीय. शिशाच्या वस्तूंवर सोळा वर्षांपूर्वी बंदी आली. रंग, पाइप, शेंदूर, सगळ्यावर. तुम्ही सगळे त्यानंतर जन्मलेले. म्हणजे तुम्ही आमचे नितळ नमुने. पालकांच्या सह्या आणल्यायत ना? चला, एकेकानं नडगी ठेवायची. दुखत नाही."

*

यंत्राचं नाव नडगीमापक. दिसायला शिलाई मशीनसारखं. जिथं कापड सरकवायचं तिथं पाय सरकवायचा. चार मिनिटं हलायचं नाही. पडद्यावर हाडाचे थर झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखे उमटायचे आणि शेजारी एक आकडा. तस्नीमचा दोन. पूर्वजाचा तीन. "मी तुझ्यापेक्षा जड आहे," पूर्वजा म्हणाली. "ते आम्हाला यंत्राशिवाय माहीत होतं," तस्नीम म्हणाली.

स्वरांगीनं पाय ठेवला. चार मिनिटं गेली. बोरगावे सरांनी पडदा पुसला. "पुन्हा ठेव," म्हणाले. पुन्हा चार मिनिटं. मग त्यांनी दुसरा पाय मागितला.

"माझ्याच वेळी यंत्र बिघडलं वाटतं, सर."

"तसंच दिसतंय," ते म्हणाले आणि मगदूम बाईंना खुणेनं बोलावलं.

आकडा एकतीस होता.

बाकीची मुलं उपाहारगृहाकडे गेली. स्वरांगीला बाईंनी थांबवून घेतलं. तीही खुर्चीत ऐटीत बसली. कुणीतरी आपल्याला थांबवून घेतलंय याचं तिला हल्ली बरं वाटायचं. बाई आणि बोरगावे सर पडद्यापाशी हळू आवाजात वाद घालत होते, पण सभागृहाच्या छतानं आता तिची बाजू घेतली होती. शब्द न् शब्द खाली पोचत होता.

"यंत्र तपासून घेतो. पंधरा वर्षांच्या पोरीत एकतीस? बंदीनंतरचा जन्म आहे."

"तस्नीमचा दोन कसा आला मग? यंत्र तेच, दिवस तोच."

"मग आईकडून आलं असेल. पोटात असताना आईच्या हाडातलं शिसं बाळात उतरतं."

"उतरतं. पण ते कुठं बसेल? सगळ्यात आतल्या थरात. हिचं बघा." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आत सहा. मग नऊ. मग अकरा. आणि बाहेरच्या थरात, या शेवटच्या तीन महिन्यांत, एकतीस. बोरगावे, हे आईचं नाही. हे आत्ताचं आहे. ठसा काढा बरं."

ठसा म्हणजे काय, ते बाईंनीच तिला जवळ बोलावून सांगितलं. शिशाची चार भावंडं असतात, वजनात किंचित कमीजास्त. प्रत्येक खाणीतल्या शिशात या चौघांचं प्रमाण वेगळं. त्यामुळं शिसं कुठून आलं ते सांगता येतं, जसं बोलण्यावरून माणूस कागलचा की कुडाळचा ते कळतं. पडद्यावर चार उभ्या रेघा उमटल्या. बोरगावे सरांनी साठवणीतून तशाच चार रेघांचा दुसरा एक ठसा काढून शेजारी ठेवला. रेघेवर रेघ बसली.

"नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

"स्वरांगी शिवलिंग गुरव."

"नांदरवाडी?"

"हो. शेंदऱ्या गणपतीचे पुजारी आहेत ते माझे आण्णा. गुरुवारी त्यांची दुसरी वेचणी आहे. मी येणारच होते बरोबर. मॅडम, हा दुसरा ठसा त्यांचा आहे ना?"

बाईंनी एक कागद उलटून पाहिला. 'निरोप कुणाला द्यावा' या ओळीत आण्णांनी वळणदार अक्षरात मुलीचंच नाव लिहिलं होतं. अहवाल वाचून दाखवायचं काम घरात तिचं होतं.

"त्यांचाच. मग ऐक. तीन महिन्यांपूर्वी ते आले तेव्हा त्यांचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. वेचणीनंतर चाळीस. परवा तपासणीत निघाला सत्त्याण्णव."

"म्हणजे आधीपेक्षा जास्त?"

"आधीपेक्षा जास्त. आम्ही समजलो, हाडाच्या खोल भागातलं जुनं शिसं वर येतंय, तेव्हा आणखी जोराची वेचणी करू. तुझे वडील बावन्न वर्षांचे. त्यांचं हाड म्हणजे जुनं घर. चार ठिकाणी डागडुजी, कुठली वीट कधीची, काही कळत नाही. केव्हाचं शिसं विचारलं तर ते हाड सांगू शकत नाही. पण तुझं बांधकाम चालू आहे. बाहेरची वीट यंदाची, हे नक्की. आणि त्या विटेत त्यांचंच शिसं आहे. तुमच्या घरात अजून शिसं येतंय, स्वरांगी. कुठून?"

"बिनशिशाचाच शेंदूर आणतो आम्ही. सरकारी शिक्का असतो डब्यावर," ती चटकन म्हणाली.

हे खरं होतं. आणि हे म्हणत असतानाच तिच्या डोळ्यांसमोर खलबत्ता आला.

नांदरवाडीचा गणपती स्वयंभू. मूळचा दगड किती आणि वरचा शेंदूर किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दर संकष्टीला आणि मंगळवारी तेलात कालवलेला शेंदूर चढायचा. साठ-सत्तर वर्षांत त्याचं वीतभर जाड कवच व्हायचं आणि मग एके दिवशी ते आपोआप गळून पडायचं. स्वरांगीच्या जन्माआधी असं एकदा झालं होतं. चार पोती कवच निघालं. तीन पोती वाजतगाजत नदीत सोडली. चौथं आजोबांनी घरी आणून ठेवलं, कारण गुरवांच्या घरात एक रीत होती: नव्या शेंदरात जुन्याची चिमूट पडलीच पाहिजे. दुधात विरजण घालतात तशी. त्याला घरात विरजणच म्हणायचे. विरजणाशिवाय लावलेला शेंदूर म्हणजे नुसता रंग. देव तो अंगाला धरत नाही. मग बंदी आली. नवा शेंदूर फिका, विटकरी. आण्णा चिमटीच्या जागी मूठ घालू लागले. संकष्टीच्या आदल्या दिवशी अंगणात बसून ते कवचाचा तुकडा कुटायचे, आई ती भुकटी वस्त्रगाळ करायची, आणि सात वर्षांची झाल्यापासून कापडाची दोन टोकं धरायचं काम होतं स्वरांगीचं.

वेचणीनंतर आण्णांची छाती मोकळी झाली होती. डोंगराच्या एकशेबारा पायऱ्या न थांबता चढले, तेव्हा आई पायथ्याशी रडली होती. "देवाची कृपा," असं म्हणून त्यांनी चुलतभावाच्या मंगळवारच्या पाळ्याही स्वतःकडे घेतल्या. आधी महिन्यातून एकदा कुटणं व्हायचं. आता आठवड्याला.

बरं वाटलं म्हणून जास्त कुटलं! तिनं मनात हिशेब जुळवला आणि मग तो मोठ्यानं बाईंना सांगितला. सगळा. चौथ्या पोत्यासकट.

बोरगावे सर यंत्राच्या मागं खाली बसले. "आम्ही खुर्च्या मोकळ्या केल्या," ते म्हणाले, "आणि ते गृहस्थ आठवड्याला पाहुणे आणून बसवतायत."

"गुरुवारी काय होईल मग?" स्वरांगीनं विचारलं.

"गुरुवारी आणखी खुर्च्या रिकाम्या होतील," बाई म्हणाल्या, "आणि पुढच्या मंगळवारी भरतील. प्रत्येक वेळी उठणारं आणि बसणारं शिसं रक्तातून जातं, धमन्यांच्या त्याच अस्तरावरून. त्यांचं हृदय अशा दोन-तीन फेऱ्या सोसेल. चौथी नाही. त्यामुळं गुरुवार रद्द. वाट बंद होऊन तीन महिने जाऊ देत, मग बघू."

"आणि वाट बंद नाही झाली तर?"

"तर वेचणीही नाही आणि आशाही फार नाही. धमन्या आधीच अरुंद आहेत."

"आणि माझं काय? मला टोचणार?"

"अजिबात नाही. वाढत्या अंगात वेचक सोडणं म्हणजे चालू बांधकामावरचे गवंडी पळवणं. तुला औषधाची गरजच नाही. तुझ्या हाडात रोज नव्या खुर्च्या मांडल्या जातायत. शिसं थांबलं तर त्यांत कॅल्शियम बसेल, तू दूध-नाचणी खा, संपलं. थांबलं नाही तर," बाईंनी उरलेलं वाक्य सोडून दिलं. "मी वडिलांना फोन करते आजच."

"करा. पण ते तुम्हाला हो म्हणतील," स्वरांगी म्हणाली. "मोठ्या माणसांना ते हो म्हणतात आणि मग करतात तेच करतात. आधी मी बोलते."

*

"मॅडमचा फोन आलता," आण्णा म्हणाले. संध्याकाळची दिवेलागण झाली होती. ते पडवीत मांडी घालून बसले होते. "हो म्हटलंय मी त्यांना."

स्वरांगीनं आईकडे पाहिलं. आईनं मान वळवली.

"म्हणजे विरजण बंद?" स्वरांगीनं विचारलं.

"तसं न्हाई बाळा. म्हंजे बघू म्हटलंय." आण्णांनी पायाचा अंगठा चोळला. "आगं, सहा पिढ्यांचं हाय ते. पणजोबांनी लावलेल्याची चिमूट आजोबांच्यात, आजोबांच्याची माझ्यात. आज मी ती तोडली तर डोंगरावर हाय तो देव कुणाचा? नव्या डब्यातल्या रंगाचा? लोकं येऊन म्हनत्यात, शिवलिंग, देवाचं तेज गेलं रं. त्यांना काय सांगू, सरकारनं नेलं?"

"आण्णा, तुमचा आकडा सत्त्याण्णव आलाय."

"कळलं. मग त्येला औषध हाय की! पहिल्या वेळी बघितलंस न्हवं? पायऱ्या कशा चढलो? आपण शेतात राबतो, माती लागते, आंघोळ करतो. म्हणून शेत सोडतो व्हय? लावायचं आणि वेचायचं. वर्षातनं दोनदा वेचून घेईन. शास्त्र कशासाठी हाय मग?"

हे तिनं धरलंच नव्हतं. ती वाटेत सगळी उत्तरं ठरवून आली होती, देवाबद्दलची, रीतीबद्दलची, कायद्याबद्दलची; पण औषधानंच आण्णांना कुटायचं बळ दिलं असेल, हे तिच्या यादीत नव्हतं. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि त्यांना संगीत खुर्ची समजावून सांगितली. दोनदा सांगितली. रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची, धमनीचं अस्तर, दोन-तीन फेऱ्या. आण्णा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तीनदा चालतंय."

"अहो!" आई बोलली. इतका वेळ ती तांदूळ निवडत होती. "तिनं पाय ठेवल्यावर काय आलं ते विचारलंत का? एकतीस आलंय तिचं. तिच्या वर्गातल्या पोरींचं दोन आणि तीन. मॅडमनी मला सांगितलं फोनवर, तुम्ही पुढं दिल्यावर. कापड मी धरायला लावलं तिला. मी." ताटातले तांदूळ हलायचे थांबले. "सात वर्षांची होती. मला वाटलं, देवाचं काम हाय, हाताला वळण लागंल."

आण्णा उठून आत गेले. चौथं पोतं माळ्यावर होतं, पण ते माळ्याकडे गेले नाहीत. त्यांनी खुंटीवरची स्वरांगीची प्रवासाची पिशवी काढली आणि आईपुढं ठेवली.

"आक्काला फोन कर, जयसिंगपूरला. परीक्षेपर्यंत पोरगी तिथं राहू दे. शाळेला बसनं जाईल. आणि कुटायचं काम मी घरात न्हाई करणार, वर देवळाच्या ओवरीत करीन. तू बी हात लावायचा न्हाईस. झालं? पोरीच्या अंगात एक कण जाणार न्हाई."

तोडगा बिनचूक होता, हे स्वरांगीला मान्य करावं लागलं. तिच्या खुर्च्यांत कॅल्शियम बसणार, आईच्या बसणार. सगळ्यांच्या बसणार, एक माणूस सोडून. आणि तो माणूस ओवरीत बसून तीन फेऱ्यांचा हिशेब करणार होता. आईनं पिशवी घेतली. पोरीला दूर धाडायचं तर आई नाही म्हणणार नव्हती. तिनं कपाट उघडलंसुद्धा.

स्वरांगीला भीती वाटत होती. गेल्या वर्षी फळ्यापाशी वाटायची तशीच, पोटरीतून वर चढणारी. तिनं ती चढू दिली आणि मग उभी राहिली.

"आण्णा, पाळीच्या वहीत तुमच्यानंतर कुणाचं नाव आहे?"

"तुझंच. दुसरं कोण हाय मला?"

"वहीत वयाची अट आहे?"

"न्हाई. मी बाराव्या वर्षी हात लावलेला देवाला."

"मुलगी चालत नाही असं लिहिलंय?"

"गणपतीला कसलं आलंय मुलगी न् मुलगा. तुझ्या आजीनं आजोबा आजारी असताना दोन वर्षं केलंय सगळं. का?"

"मग ऐका. आई, तूही ऐक, ते कपाट राहू दे." तिचा आवाज वक्तृत्वातल्यासारखा मोठा लागला नाही, साधाच लागला, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "मी जयसिंगपूरला जाणार नाही. येत्या मंगळवारपासून देवाला शेंदूर मी लावणार. संकष्टीलाही मीच. कुटायचं असेल तर मी कुटणार, कालवणार मी, हातानं चढवणार मी. पाळी माझ्याकडे आली."

"येड लागलंय काय तुला!" आण्णा ओरडले. "त्यात शिसं हाय! तुझी हाडं वाढायला लागल्यात, तुझ्या अंगात जाईल ते सगळं!"

आई कपाटाच्या दाराला धरून उभी होती. आण्णांनी जे म्हटलं ते आता त्यांनाच ऐकू येत असावं, कारण ते हळूहळू खाली बसले, जिथं होते तिथंच, जमिनीवर.

"तुम्ही विरजण घाला, नाहीतर नदीत सोडा," स्वरांगी म्हणाली. "ते तुम्ही ठरवा, आण्णा. लावणार मी. माझं ठरलंय."